लॉन मॉवर बनवणारा एडविन बडिंग: कापड गिरणीतून बागेत आलेलं मशीन

घरापुढे छोटंसं लॉन असेल तर पाऊस सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो: मॉवर कुठला घ्यायचा? मॉवर म्हणजे मागून ढकलत चालवायचं गवत कापायचं मशीन. शॉपिंग ॲप उघडलं की वॉट, व्होल्ट, आरपीएम, इंच अशी आकड्यांची रांग लागते आणि थोड्या वेळाने सगळेच मॉवर सारखे दिसायला लागतात. यातलं नेमकं काय बघायचं? हे समजून घ्यायचा एक सोपा रस्ता आहे. हे मशीन ज्याने पहिल्यांदा बनवलं, त्याच्यासमोर कुठल्या अडचणी होत्या आणि त्याने त्या कशा सोडवल्या, ते बघायचं. त्याचं नाव एडविन बियर्ड बडिंग. चला, त्याची गोष्ट बघू.

सुतारकामातून मशीनकडे

बडिंगचा जन्म १७९६ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातला. वडील शेतकरी. बडिंगने सुरुवात सुतारकामापासून केली, पण डोकं यंत्रात चालायचं, त्यामुळे तो हळूहळू ओतकामाच्या कारखान्यांकडे वळला.

त्याचा भाग म्हणजे स्ट्राउड गाव आणि आजूबाजूच्या दऱ्या. तिथे ओढ्या-नद्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या लोकरीच्या गिरण्या ओळीने होत्या. सैनिकांच्या लाल कोटांसाठी लागणारी बनात तिथे बनायची. एवढ्या गिरण्या म्हटल्यावर मशीन बिघडणार, कुणाला त्यात सुधारणा हवी असणार. बडिंग अशी कामं घ्यायचा. आजच्या भाषेत फ्रीलान्स इंजिनिअर म्हणा. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पण हात तयार होता.

कापडावरची लव आणि जमिनीवरचं गवत

लोकरीचं कापड विणून झालं की त्याच्यावर बारीक लव उभी राहते, आणि ती कमी-जास्त उंचीची असते. ती एकसारखी कापली की कापड गुळगुळीत दिसतं. आधी हे काम कारागीर मोठ्या जड कात्र्यांनी करायचे. मग त्यासाठी मशीन आलं. स्ट्राउडजवळच्या ब्रिमस्कोम गिरणीच्या जॉन लुइसने १८१५ मध्ये अशा मशीनचं पेटंट घेतलं होतं. त्यात एका सिलिंडरवर पीळ दिलेली पाती बसवलेली असत. सिलिंडर फिरला की ती पाती एका सरळ, स्थिर पात्याला घासून जात आणि मधे आलेली लव कापली जाई.

या कामात चुकीला जागा नव्हती. पातं केसभर खाली गेलं तर कापडालाच चीर. केसभर वर राहिलं तर लव तशीच. म्हणजे मशीनने पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत अगदी एकसारखं कापलं पाहिजे. बडिंगने हे मशीन बघितलं आणि त्याला वाटलं, गवतही असंच कापता येईल की!

आज ही कल्पना साधी वाटते, पण तेव्हा लॉन राखायचे मार्ग दोनच होते. एक, मेंढ्या सोडायच्या. दोन, लांब दांड्याचं वाकडं पातं घेतलेली माणसं कामाला लावायची. ते पातं ओल्या गवतावर चांगलं चालायचं, म्हणून भल्या पहाटे दव असतानाच काम उरकावं लागे. हात कच्चा असेल तर लॉनवर अर्धगोल पट्टे उठायचे. अशी माणसं पोसायची म्हणजे खर्च, म्हणून नीट कापलेलं लॉन ही श्रीमंतांची चैन होती.

आयडिया बडिंगची, पैसा फेराबीचा

आता खरी अडचण. त्या काळी इंग्लंडमध्ये नुसतं पेटंट घ्यायला शंभर पौंडांच्या वर खर्च यायचा आणि त्यासाठी एकामागून एक सरकारी कचेऱ्यांत फिरावं लागायचं. गिरण्यांची कामं करून पोट भरणाऱ्या माणसाला हे झेपणारं नव्हतं. त्यात मशीन बनवायला ओतकाम हवं, गिअर हवेत, आणि ते विकलं जाईल याची गॅरंटी शून्य.

जवळच थ्रप इथे जॉन फेराबीची फिनिक्स फाउंड्री होती. १८ मे १८३० रोजी दोघांचा करार झाला. मशीन तयार करायचा आणि पेटंटचा खर्च फेराबीने करायचा. बदल्यात ते बनवायचे, विकायचे आणि दुसऱ्यांना परवाना द्यायचे हक्क फेराबीकडे. म्हणजे कल्पना जगात यायची असेल तर तिचा ताबा बराचसा सोडून द्यायचा, असा हा सौदा होता. बडिंगने तो केला. ३१ ऑगस्ट १८३० रोजी पेटंट मिळालं.

असं सांगतात, की बडिंग या मशीनची चाचणी रात्री अंधारात घ्यायचा, म्हणजे शेजाऱ्यांना काही कळू नये. खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी एक कारण समजण्यासारखं आहे. पेटंटआधी कुणी डिझाइन उचललं असतं तर हातात काहीच राहिलं नसतं.

मशीन आतून कसं होतं?

पहिलं मशीन १९ इंच रुंद होतं, म्हणजे साधारण ४८ सेंटिमीटर. सांगाडा लोखंडी. त्यात ना इंजिन, ना मोटर. माणूस मागून ढकलणार, मागचा मोठा रोलर जमिनीवर फिरणार, आणि त्या रोलरची गती गिअरमधून पात्यांच्या सिलिंडरला मिळणार. गिअरचं प्रमाण १६ ला १. रोलरचा एक फेरा झाला की सिलिंडरचे १६. म्हणून माणसाच्या चालीने ढकललं तरी पाती गवत कापण्याइतकी वेगात फिरायची.

अजून एक छोटा रोलर मधे होता. तो वर-खाली केला की गवत किती उंचीवर कापायचं ते ठरवता यायचं. कापलेलं गवत उडून पुढच्या ट्रेमध्ये पडायचं. आणि दवाची वाट बघायची गरज राहिली नाही, कोरडं गवतही कापता येऊ लागलं.

दोष? वजन. एकट्याने ढकलताना दम निघायचा. लवकरच पुढे आणखी एक हँडल लावावं लागलं, म्हणजे एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय आणि ऑक्सफर्डची कॉलेजं होती. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने परवाना घेऊन मॉवर बनवायला सुरुवात केली. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्सने तट्टाने ओढायचा, २७ इंच रुंद मॉवर आणला.

बडिंग एवढ्यावर थांबला नाही

मॉवरच्या आधीच त्याने अनेक नळ्यांचं, हाताने फिरवायचं पिस्तूल बनवलं होतं. स्क्रू फिरवून जबडा कमी-जास्त करता येणारा पाना १८४२ च्या सुमारास त्याने बनवला. आज प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत त्याच जातीचा पाना असतो. पुढे तो जवळच्या डर्सली गावी गेला आणि तिथे जॉर्ज लिस्टरबरोबर लोकर पिंजायच्या मशीनवर काम केलं.

१८४६ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, डर्सलीतच त्याचा मृत्यू झाला. साध्या घरांपुढची लॉन, तिथे सुट्टीच्या दिवशी मॉवर ढकलणारी माणसं, हे त्याला बघायला मिळालं नाही. लॉन टेनिस तर बरंच नंतरचं, विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. रॅन्सम्सचा पेट्रोलवर चालणारा मॉवर १९०२ मध्ये आला. तरीही सिलिंडर आणि स्थिर पातं ही जोडी टिकली. क्रिकेटच्या पिचवरचं गवत आजही त्याच पद्धतीने कापतात.

मग आज मॉवर घेताना काय बघायचं?

बडिंगने सोडवलेले प्रश्नच तुमची चेकलिस्ट आहेत.

*कापायची पद्धत.* सिलिंडर मॉवर कात्रीसारखा कापतो. लॉन छोटं, सपाट असेल आणि तुम्ही आठवड्याला कापणार असाल तर हाताने ढकलायचा सिलिंडर मॉवर पुरतो. ना पेट्रोल, ना वायर. पण पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलं, जमीन खडबडीत असली, तर तो अडकतो. तिथे रोटरी मॉवर घ्या. त्यात एकच पातं आडवं, प्रचंड वेगाने फिरतं आणि गवत झोडून कापतं.

*पात्यातलं अंतर.* सिलिंडर मॉवर घेताना कागदाची पट्टी पात्यांमधे धरा आणि सिलिंडर सावकाश फिरवा, बोटं लांब ठेवून. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ कापली पाहिजे. कुठे दुमडली तर तिथे अंतर जास्त आहे. हे अंतर स्क्रूने जुळवता येतं का, तेही विचारा. रोटरीत पातं काढून धार लावता येते का ते बघा. बोथट पातं गवत फाडतं आणि टोकं तपकिरी पडतात.

*उंची.* ती किती टप्प्यांत बदलता येते ते बघा. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग कापू नये. म्हणजे गवत ६ सेंटिमीटर असेल तर ४ वर थांबा.

*रुंदी आणि वजन.* रुंद मॉवर म्हणजे कमी फेऱ्या, पण जास्त वजन. बडिंगच्या १९ इंचाला दोन माणसं लागली हे लक्षात ठेवा. छोट्या लॉनला १२ ते १६ इंच पुरे. दुकानात उचलून, वळवून बघा.

*ताकद कुठून.* वायरवाला स्वस्त, पण वायर पात्याखाली येऊ न देणं तुमच्या हातात. बॅटरीवाला घेत असाल तर फोनसारखा नुसता एमएएच बघू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. ४० व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे १६० वॉट-अवर, साधारण आठ फोनच्या बॅटऱ्यांएवढी ऊर्जा. पेट्रोलवाला मोठ्या जागेसाठी ठीक, पण त्याला ऑइल, फिल्टर, प्लगची काळजी हवी. मोटर किंवा इंजिन असलेला कुठलाही असो, हँडलवरची दांडी सोडली की पातं लगेच थांबायला हवं. ते थांबत नसेल तर घेऊ नका.

*दुरुस्ती.* तुमच्या शहरात पातं, बेल्ट, बॅटरी मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. बडिंगचं पोट बिघडलेल्या मशीनवर चालायचं. कुठलंही मशीन कधी ना कधी बिघडतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून दोन मॉवरमध्ये अडलात, तर ज्याचं पातं तुम्हाला स्वतःला जुळवता येईल आणि ज्याचे पार्ट जवळ मिळतील, तो घ्या. आकडे थोडे कमी असले तरी चालेल.