दीनबंधू अँड्र्यूज : दोन्ही बाजूंना चाललेला जामीन

५ एप्रिल हा दीनबंधू चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचा स्मृतिदिन. १९४० साली याच दिवशी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. आमच्या पिढीतील अनेकांना ते आठवतात ते १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात आगगाडीच्या टपावर चढलेले इंग्रज पाद्री म्हणून. त्यापलीकडे त्यांची फारशी ओळख उरलेली नाही. मंडळाच्या वाचकांपुढे त्यांचे चरित्र थोडक्यात मांडावे असे वाटले, त्याला एक कारण आहे.

बँकेत आयुष्य घालवलेल्या आम्हा मंडळींना जामीनदाराचे मोल ठाऊक असते. दोन अनोळखी पक्षांमध्ये व्यवहार ठरतो तो बहुधा तिसऱ्या माणसाच्या सहीवर. सही करायला हौशी माणसे पुष्कळ मिळतात. पण बँक पाहते ती त्या माणसाची पत, आणि वेळ आली तर तो स्वतःच्या खिशात हात घालील की नाही हे. परस्परांवर विश्वास नसलेल्या समाजांमध्ये समेट घडवणे हे याच जातीचे काम. अँड्र्यूज यांनी ते जन्मभर केले आणि त्याची किंमत प्रत्येक वेळी आधी स्वतः मोजली.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधील न्यूकॅसलचा. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. पुढे कुटुंब बर्मिंगहॅमला राहायला आले. आईच्या वाट्याची मालमत्ता ज्या स्नेह्याच्या हाती विश्वासाने सोपवली होती, त्यानेच ती बुडवली आणि मोठ्या कुटुंबाला चणचणीचे दिवस आले. ज्या दिवशी हे उघडकीस आले, त्या दिवशी घरच्या प्रार्थनेत वडिलांनी त्या माणसाला शाप दिला नाही. देवाने त्याला क्षमा करावी, एवढेच मागितले. लहानग्या चार्लीच्या मनावर ही गोष्ट कायमची कोरली गेली. पुढे केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात त्यांनी उत्तम शिक्षण घेतले, धर्मगुरूची दीक्षा घेतली, दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीत काम केले. १९०४ च्या मार्चमध्ये ते केंब्रिज मिशनतर्फे दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले.

त्या काळी राज्यकर्ता इंग्रज आणि इथला माणूस एका टेबलावर जेवत नसत. मिशनमध्येही गोरा आणि काळा हा भेद होताच. १९०६ मध्ये कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले. सर्वांत लायक माणूस होते सुशीलकुमार रुद्र, जन्माने बंगाली आणि धर्माने ख्रिस्ती. पण एका हिंदी माणसाच्या हाताखाली इंग्रज अध्यापकांनी काम कसे करायचे, असा प्रश्न काहींनी काढला. अँड्र्यूज यांनी आपले सारे वजन रुद्रांच्या पारड्यात टाकले. रुद्र प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज आनंदाने त्यांच्या हाताखाली राहिले. दिल्लीचे वयोवृद्ध विद्वान मुन्शी झकाउल्ला यांच्याकडेही त्यांचे जाणे-येणे असे. जुन्या दिल्लीत हिंदू-मुसलमान एकमेकांच्या सणासुदीला कसे जात-येत, हे अँड्र्यूज यांनी त्यांच्याकडून ऐकले. पुढे त्यांनी झकाउल्लांचे चरित्रही लिहिले. धर्माबाहेरच्या माणसाकडे शिष्य म्हणून जाता येते, हे त्यांनी मिशनमध्ये असतानाच कृतीने दाखवले.

त्यांच्या आयुष्याला वळण लावणारा माणूस मात्र पुण्याचा. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवर संकट कोसळले होते. मुदत संपलेल्या गिरमिटिया मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. त्यातच एका न्यायालयीन निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्ने बेकायदा ठरवली. म्हणजे हजारो संसार कायद्याने पुसले गेले. गांधीजींनी सत्याग्रह उभारला. नाताळमधील खाणींचे आणि मळ्यांचे मजूर संपावर गेले, दोन हजारांहून अधिक माणसे बायकामुलांसह ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे चालत निघाली, तुरुंग भरले. इकडे नामदार गोपाळ कृष्ण गोखले प्रकृती ढासळलेली असतानाही निधी गोळा करत फिरत होते. अँड्र्यूज यांनी आपली साठवलेली पुंजी त्यांच्या हवाली केली. गोखल्यांनी त्यांना, तुम्हीच तिकडे जा, असे सांगितले. मित्र विल्यम पिअर्सन यांना सोबत घेऊन ते निघाले.

१९१४ च्या जानेवारीच्या आरंभी बोट दरबानला लागली. धक्क्यावर गांधीजी होते, मजुरासारख्या साध्या वेशात. अँड्र्यूज यांनी त्यांना विचारपूस करून ओळखले आणि खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. दरबानच्या गोऱ्या समाजात गहजब झाला. इंग्रजाने, त्यातही पाद्र्याने, एका आशियाई माणसाच्या पाया पडावे हे त्यांच्या मते साऱ्या गोऱ्या जातीला कमीपणा आणणारे होते. वर्तमानपत्रवाल्यांनी त्यांना समजही दिली. पण हिंदी मजुरांना जे कळायचे ते कळले.

ज्याच्याशी वाटाघाटी करायच्या तो जनरल स्मट्स काही साधा माणूस नव्हता. आपला शब्द स्मट्स यांनी पूर्वी पाळला नाही, असे हिंदी लोकांचे म्हणणे होते. गांधी अडवणूक करतात, असे सरकारचे. नेमका त्याच वेळी गोऱ्या रेल्वे कामगारांचा संप झाला आणि सरकार पेचात सापडले. सरकारच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही म्हणून गांधीजींनी आपला ठरलेला मोर्चा पुढे ढकलला. प्रिटोरियात बोलणी सुरू झाली. अँड्र्यूज एकदा स्मट्स यांच्या कचेरीत, एकदा गांधीजींच्या खोलीत, अशा खेपा घालत होते.

मसुदा जवळजवळ ठरला आणि एका शब्दप्रयोगावर अडला. तशातच दरबानहून तार आली की कस्तुरबा अत्यवस्थ आहेत. करार झाल्याशिवाय गांधीजी हलायला तयार नव्हते. रात्री उशिरापर्यंत दोघे त्या ओळीवर बसले. अखेर अँड्र्यूज यांनी दुसरे शब्द सुचवले, गांधीजींनी ते मान्य केले. सकाळी लवकर अँड्र्यूज स्मट्स यांच्याकडे गेले, गांधीजींच्या घरची चिंता त्यांना सांगितली आणि बदललेली ओळ पुढे ठेवली. स्मट्स यांनी ती स्वीकारली. २१ आणि २२ जानेवारीच्या पत्रांनी तात्पुरता समझोता पक्का झाला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि हिंदी लग्नांना मान्यता मिळाली. कस्तुरबाही त्या दुखण्यातून उठल्या. पण याच जानेवारीत इंग्लंडमध्ये अँड्र्यूज यांची आई वारली. अखेरची भेट झाली नाही.

दोन्ही पक्षांनी ऐकावे असे या माणसाजवळ काय होते? अधिकारपद नव्हते, सरकारी नेमणूक नव्हती. पण गांधीजींना ठाऊक होते की या माणसाने आपल्यासाठी स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला आहे. आणि स्मट्स यांना दिसत होते की याला स्वतःसाठी काहीही नको. निःपक्षपाती म्हणजे दोघांपासून सारख्या अंतरावर उभा राहणारा, असा आपला समज असतो. अँड्र्यूज तसे उभे राहिले नाहीत. ते उघडपणे दुबळ्याच्या बाजूला गेले, पण बलवानाचा द्वेष करायला त्यांनी नकार दिला. वडिलांची ती प्रार्थना इथे उपयोगी पडली, असे आम्हाला वाटते.

परतल्यावर त्यांनी दिल्लीचे मिशन सोडले आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात राहायला गेले. १९१५ मध्ये पिअर्सनसह ते फिजी बेटांवर पोहोचले. तिथे १८७९ पासून साठ हजारांवर हिंदी मजूर पाच-पाच वर्षांच्या गिरमिटावर उसाच्या मळ्यांत नेलेले होते. त्यांची राहण्याची दुर्दशा, बायकांचे हाल, आत्महत्या हे सारे त्यांनी अहवालात मांडले. देशभर संताप उसळला, १९१७ मध्ये मजूरभरती थांबली आणि १ जानेवारी १९२० ला उरलेसुरले करारही रद्द झाले. त्यांना ‘दीनबंधू’ म्हणायला सुरुवात केली ती या गिरमिटियांनी.

१९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर ते पंजाबकडे धावले. लष्करी कायद्याखाली त्यांना अटक करून परत पाठवण्यात आले. बंदी उठताच ते पुन्हा गेले, गावोगाव फिरले. एका गावात इंग्रज अधिकाऱ्यांनी चारचौघांत फटके मारलेल्या शीख गृहस्थाच्या पायांना हात लावून त्यांनी आपल्या देशबांधवांच्या वतीने क्षमा मागितली. ज्याने गुन्हा केलेला नाही त्याने माफी मागायची, ही गोष्ट हिशेबात बसत नाही. जामीनदार मात्र असाच दुसऱ्याचे कर्ज फेडत असतो. दोन वर्षांनी केनियात याच वागण्याबद्दल चिडलेल्या गोऱ्या मळेवाल्यांनी त्यांना आगगाडीत गाठून दाढीला धरून ओढले, मारहाण केली.

मित्रांनाही ते सोडत नसत. १९१८ मध्ये गांधीजी युद्धासाठी सैन्यभरती करू लागले तेव्हा अँड्र्यूज यांनी विरोध केला. परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या तेव्हाही, दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू जाळण्यात द्वेष आहे, असे त्यांनी स्पष्ट कळवले. गांधीजींना ते पटले नाही, पण मैत्रीला तडा गेला नाही. पुढे १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला विलायतेत गेले, तेव्हा हिंदी बहिष्काराने बेकार झालेल्या लँकेशायरच्या गिरणी कामगारांची आणि त्यांची भेट घडवून आणण्यात अँड्र्यूजच पुढे होते.

हिंदू-मुसलमान तेढीच्या वेळची त्यांची सेवा तर विसरता येत नाही. १९२४ च्या आरंभी पुण्याच्या ससून इस्पितळात गांधीजींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अँड्र्यूज शुश्रूषेला आले होते. त्याच सप्टेंबरात कोहाटला भीषण दंगल झाली. १७ सप्टेंबरला गांधीजींनी दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. अँड्र्यूज उशापायथ्याशी होते आणि ‘यंग इंडिया’चे कामही सांभाळत होते. शहरात सर्वधर्मीय पुढाऱ्यांची ऐक्य परिषद भरली. ८ ऑक्टोबरला उपवास सुटला, त्या वेळी इमामसाहेबांनी कुराणातील आयत म्हटली, अँड्र्यूज यांनी क्रुसावरील ख्रिस्ताचे गीत गायले आणि आपल्या विनोबांनी उपनिषदातील मंत्र म्हटले. दंगली त्याने कायमच्या थांबल्या नाहीत, हे खरेच. दक्षिण आफ्रिकेतही १९२७ च्या केपटाऊन करारासाठी त्यांना पुन्हा झिजावे लागले. समेट एकदा करून ठेवून देता येत नाही. कर्जखात्यासारखा त्याचाही वेळोवेळी आढावा घ्यावा लागतो.

१९४० मध्ये आजारपण आणि शस्त्रक्रिया यांतून ते उठले नाहीत. कोलकात्याच्या लोअर सर्क्युलर रोडवरील दफनभूमीत ते विसावले आहेत. मागे बँकेत काही शिल्लक नव्हती. मिळे ते कुणाला तरी देऊन टाकायची त्यांची सवयच होती. १९४२ मध्ये गांधीजींनी मुंबईत मुक्काम ठोकून त्यांच्या स्मारकासाठी, म्हणजे शांतिनिकेतनसाठी, पाच लाखांचा निधी उभा केला.

आम्ही पिढ्यानपिढ्या बडोद्यात राहणारी मराठी माणसे. या शहराचे प्रेम आम्ही भोगले आणि संचारबंदीचे दिवसही पाहिले. अशा दिवसांत शांतता समित्या नेमल्या जातात, आवाहने निघतात, त्यांवर प्रतिष्ठितांच्या सह्या होतात. पण दोन्ही मोहल्ल्यांत ज्याचा शब्द चालेल असा माणूस त्या दिवशी शोधून सापडत नाही. त्याची पत आधीच्या शांत वर्षांत जमा झालेली असावी लागते. शेजाऱ्याच्या घरी जाऊन, त्याचे ऐकून घेऊन, आपल्याच माणसांची नाराजी सोसून. अँड्र्यूज यांनी दिल्लीत दहा वर्षे ती पत जमवली होती, म्हणून प्रिटोरियातल्या त्या सकाळी ती वापरता आली. आमच्या मंडळाचा गणेशोत्सव, व्याख्यानमाला, कोजागिरी या साऱ्याला शेजारच्या वस्तीतील चार वेगळ्या धर्माची, वेगळ्या भाषेची घरे आवर्जून बोलावली, तरी आमचे खाते उघडले असे म्हणता येईल.