संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील शाळांच्या सहली भायखळ्याच्या राणीच्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या जात आल्या आहेत. बागेला लागूनच एक देखणे वस्तुसंग्रहालय उभे आहे. १८७२ साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मुले पाटी वाचतात आणि हत्ती पाहायला पळतात. हे भाऊ दाजी कोण, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक त्या संग्रहालयासाठी निधी उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

स्मरणिकेत आपण सहसा धम्माच्या आणि चळवळीच्या धुरिणांची चरित्रे देतो. भाऊ दाजी यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाहीत. ते सारस्वत ब्राह्मण घराण्यात जन्मले आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबईत धनिकांच्या व साहेबांच्या बैठकीत मानाने वावरले. तरीही त्यांचे चरित्र येथे देण्याचे आम्ही ठरविले, कारण वैद्यक, विज्ञानाचा इतिहास आणि न्यायालयातील साक्ष या तिन्ही क्षेत्रांत पुरावा म्हणजे काय, हे या एका माणसाच्या आयुष्यावरून पाहता येते. शिवाय आपल्या अंबरनाथच्या शिलालेखाचे वाचन प्रथम विद्वानांपुढे मांडले तेही त्यांनीच.

त्यांचा जन्म १८२२ साली गोव्यात पेडणे महालातील मांद्रे गावी झाला. वडील गरीब होते. मातीच्या बाहुल्या करून विकण्यावर घर चाले. कुटुंब मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता आणि ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना त्यास इंग्रजी शिकविण्याचा आग्रह केला, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाले आणि तेथेच शिक्षकाची नोकरीही मिळाली. काठेवाड व कच्छकडील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. तो निबंध १८४७ साली छापला गेला. वय पंचविशीचे, आणि विषय असा की ज्याविषयी घराघरांत बोलणेही वर्ज्य होते.

त्याच काळातील दुसरी बाजूही आपण ध्यानात ठेवली पाहिजे. बाहुल्या विकणाऱ्या गरिबाच्या मुलाला जातीच्या उंबरठ्यामुळे शाळेचे दार उघडे मिळाले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा मात्र तो नाकारण्यात आला आणि सरकारनेही त्यात हस्तक्षेप करण्याचे टाळले. एल्फिन्स्टनच्या त्याच परंपरेतील हायस्कुलात आणि महाविद्यालयात बाबासाहेब शिकले, ते त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजी त्याच्या पहिल्या तुकडीत शिकले आणि १८५१ च्या सुमारास पदवीधर होऊन त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय मांडला. व्यवसाय भराभर वाढला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर झाले आणि दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या या डॉक्टरने जुने संस्कृत वैद्यकग्रंथ टाकून दिले नाहीत. त्यांत सांगितलेल्या वनस्पतींचे गुण खरे किती आणि ऐकीव किती, हे रुग्णांवर तपासून पाहण्याचा त्यांचा नाद होता. कुष्ठरोगावर त्यांनी केलेले प्रयोग याच नादातून आले. कडू कवठाच्या जातीच्या झाडाच्या बियांचे तेल हा त्या उपचाराचा आधार मानला जातो. याच कुळातील तेले पुढे विसाव्या शतकात जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली. १९४० च्या दशकात सल्फोन जातीची औषधे आल्यावरच ती मागे पडली.

येथे आमचे मत थोडे कठोर आहे. आपल्या औषधाची कृती भाऊ दाजींनी बराच काळ गुप्त ठेवली आणि त्यावरून समकालीन डॉक्टरांनी त्यांच्यावर टीका केली. गुण येतो असे सांगायचे आणि कशाने येतो ते सांगायचे नाही, तर दुसऱ्या कोणाला तो तपासता येत नाही. त्याच वर्षांत ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे कुष्ठरोगाचा अभ्यास करीत होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. १८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले. कार्टर त्याच वर्षी तेथे जाऊन आले आणि ही वार्ता घेऊन मुंबईस परतले. हान्सेन यांनी आपले निरीक्षण उघडपणे मांडले, म्हणून ते जगाच्या उपयोगी पडले. भाऊ दाजींच्या परिश्रमाचे तसे झाले नाही. कुष्ठरोग हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग मानून रोग्यास गावाबाहेर ठेवणाऱ्या समाजात या रोगावर औषध शोधायला एक नामांकित डॉक्टर पुढे झाला, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि तिचे मोल आम्ही कमी करीत नाही.

वैद्यकातून ते न्यायालयात गेले, तो प्रसंग १८६२ चा. करसनदास मुळजी यांनी आपल्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर ऑक्टोबर १८६० मध्ये लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी करसनदास आणि त्यांचे मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. दावा उभा राहण्याआधीच भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी, महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, दिल्यास जातीबाहेर काढू, असा बेत केला. त्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. पाणवठा, बाजार, लग्नकार्य सारे एका दिवसात बंद होते. ते हत्यार त्या वेळी सत्य सांगू पाहणाऱ्या साक्षीदारांवर उगारले गेले होते.

२५ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ अर्नोल्ड या न्यायमूर्तींपुढे सुनावणी सुरू झाली. भाऊ दाजी साक्षीस उभे राहिले. महाराजांना उपदंशाचा, म्हणजे गरमीचा विकार झाला होता आणि त्यावर आपण उपचार केले होते, हे त्यांनी शपथेवर सांगितले. महाराजांच्या चारित्र्याविषयी दोन्ही बाजूंकडून पुष्कळ साक्षी झाल्या. ही साक्ष मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरची होती. रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करावे काय, हा प्रश्न तेव्हाही काहींच्या मनात आला असेल. इंग्रजी कायद्यात वकील आणि अशील यांच्यामधील बोलणे सुरक्षित असते, डॉक्टर व रुग्ण यांच्यामधील बोलण्यास न्यायालयात तसे संरक्षण नाही. १८७२ च्या आपल्या पुरावा कायद्यातही ते आले नाही. त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे भाऊ दाजींना भागच होते. तरीही मुंबईतील धनवान वैष्णव व्यापारी हे अशा डॉक्टरचे गिऱ्हाईक असू शकत होते, हे लक्षात घेतले तर साक्ष स्पष्टपणे देण्याची किंमत कळते. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. मुख्य मुद्द्यावर करसनदासांचे म्हणणे सिद्ध झाले असे ठरले आणि त्यांना खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये देववण्यात आले.

भाऊ दाजींचे तिसरे कार्यक्षेत्र म्हणजे जुने लेख आणि जुन्या पोथ्या. रुग्ण पाहून उरलेला वेळ आणि मिळविलेला पैसा त्यांनी यात घातला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य या ज्योतिर्गणितज्ञांचे काळ ठरविणारा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. आपल्याकडे आजही कित्येकजण आर्यभट्ट असे लिहितात. मूळ पोथ्यांच्या आधारे नाव आर्यभट असेच आहे, हे भाऊ दाजींनी दाखवून दिले. आर्यभटाने आपल्या ग्रंथात कलियुगाची ३६०० वर्षे सरली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो असे नोंदविले आहे. त्यावरून जन्म इसवी सन ४७६ चा येतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखही त्यांनीच उजेडात आणला, आणि आमच्या मते निवासी शाळेच्या वाचकांना त्यांच्या सर्व कामांत हा लेख अधिक जवळचा वाटावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापन केला आणि शके ११२८ च्या सुमारास स्थानिक निकुंभ राजाने त्यास देणगी दिली, अशी ती नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावर, तेलाच्या घाण्यावर मठासाठी कोणी किती द्यायचे, हे त्यात ठरवून दिले आहे. विद्यार्थ्यांच्या दिव्याला तेल आणि पोटाला अन्न कोठून येणार याची ही आठशे वर्षांपूर्वीची कायदेशीर तरतूद होय. आपल्या वसतिगृहाची पहिली वर्षे ज्यांनी धान्याच्या पोत्यांवर आणि वर्गणीच्या पावत्यांवर काढली, त्यांना तिचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

अजिंठ्याचे लेख त्यांनी स्वतः लेण्यांत जाऊन तपासले. त्यावरील त्यांचा निबंध १८६३ च्या सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे आला. सोळाव्या लेण्यातील वराहदेवाचा लेख त्यात आहे. वाकाटक राजा हरिषेण याच्या या मंत्र्याने ते लेणे भिक्षुसंघासाठी कोरविले. जागोजागी झिजलेल्या त्या अक्षरांतून वाकाटकांची वंशावळ हळूहळू वर आली. भगवान बुद्धांच्या संघाला कोणी, केव्हा, कशासाठी दान दिले हे आपल्याला दंतकथेने नव्हे तर दात्याच्या स्वतःच्या शब्दांत कळते, याचे श्रेय अशा वाचनांना आहे. भाऊ दाजींची वाचने पुढच्या विद्वानांनी अनेक ठिकाणी सुधारली. पण सुधारायला काही समोर असावे लागते.

आता अंबरनाथ. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी १८५६ साली सुरू झाली आणि मुंबईच्या विद्वानांना हे मंदिर जवळचे झाले. १८६८ साली सरकारने जे. जे. कलाशाळेकडून मंदिराची मोजमापे घेतली, कोरीवकामाचे साचे काढविले. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर शिलाहारांचा एक लहानसा लेख आहे. महामंडलेश्वर माम्वाणिराज याचे नाव त्यात येते, छित्तराजाचेही येते. भाऊ दाजींनी त्याचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यातील वर्ष शके ७८२ असे लावले, म्हणजे इसवी सन ८६०.

हे वाचन चुकले होते. पहिला अंक ७ नसून ९ होता. वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते आणि शिलाहार राजांचा क्रमही विस्कटला होता. चूक दुरुस्त केली ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, आणि ते तर भाऊ दाजींचेच माणूस.

भगवानलाल जुनागढचे. औपचारिक इंग्रजी शिक्षण नाही. गिरनारच्या खडकावरील अक्षरे न्याहाळत ते लिपी शिकले. १८६१ साली ते मुंबईस भाऊ दाजींकडे आले आणि पुढे सुमारे तेरा वर्षे त्यांच्यासाठी देशभर फिरले. लेखांचे ठसे घेतले, नाणी जमविली, लेण्यांतून दिवस काढले. त्या श्रमाचे फळ भाऊ दाजींच्या नावाने छापल्या गेलेल्या निबंधांत आहे. पंडिताचे नाव तेथे ज्या ठळकपणे यावयास हवे होते तसे येत नाही. त्या काळची रीत अशी होती, असे म्हणून हा विषय सोडता येईल. आम्हांला तसे करावेसे वाटत नाही. हाताने काम करणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत आपल्या समाजाने फार जवळून पाहिली आहे. मात्र लिपिशास्त्रात भगवानलालांना उभे राहण्यास जागा, पैसा आणि ग्रंथ भाऊ दाजींनीच दिले, हेही नमूद केले पाहिजे.

सार्वजनिक कामांची यादी येथे थोडक्यात देतो. बाँबे असोसिएशनचे चिटणीसपद, विद्यार्थ्यांच्या साहित्य व विज्ञान सभेचे अध्यक्षपद, मुलींच्या शिक्षणास पाठबळ, विद्यापीठाची फेलोशिप, एशियाटिक सोसायटीचे उपाध्यक्षपद. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या जरा पुढे होते.

त्यानंतर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. अंबरनाथच्या लेखाचे दुरुस्त वाचन त्यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिले. गुरूचे वाचनही त्याच नियतकालिकात आलेले होते. १८८२ साली त्यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला. आत दगडी करंडक निघाला, त्यात सोन्याची फुले, मागील सात बुद्ध आणि मैत्रेय यांच्या आठ लहान धातुमूर्ती, आणि भिक्षापात्राच्या समजल्या गेलेल्या मातीच्या खापऱ्या होत्या. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने या पंडिताला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ साली ते वारले. सोपाऱ्याचा तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला.