विश्लेषण : गावोगावी वर्गणी मागून उभा राहिला सिनेमा… जॉन अब्राहम यांचा ‘ओडेसा’ प्रयोग काय होता?

चित्रपट अर्धवट राहिला आहे, शंभर-पाचशे रुपयांची मदत करा, असे आवाहन आता मोबाइलवर सहज येते. पैसे द्यावेत का, दिले तर चित्रपट खरोखर पूर्ण होईल का, हे प्रश्न लगेच पडतात. केरळमधील गावकऱ्यांना हेच प्रश्न चार दशकांपूर्वी पडले असतील. तेव्हा मदत मागायला माणसे दारात आली होती आणि त्यांच्या पुढे होते मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम. हिंदीतील याच नावाच्या अभिनेत्याशी त्यांचा संबंध नाही.

कोण होते जॉन अब्राहम?

जॉन यांचा जन्म १९३७ मध्ये केरळच्या कुट्टनाड भागात झाला. आयुर्विमा महामंडळातील नोकरी सोडून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तेथे ऋत्विक घटक त्यांचे गुरू होते. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’साठी त्यांनी सहायक म्हणून काम केले. १९७२ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट ‘विद्यार्थीकळे इथिले इथिले’ आला. खेळताना मुलांच्या हातून शाळेतील पुतळा फुटतो आणि भरपाईसाठी त्यांना पैसे उभे करावे लागतात, असे त्याचे कथानक. पुढे स्वतः जॉन यांच्यावरही पैसे गोळा करत फिरण्याची वेळ येणार होती.

लोकांकडे जाण्याची वेळ का आली?

१९७७ च्या ‘अग्रहारत्तिल कळुदै’ या तमिळ चित्रपटात एक प्राध्यापक गाढवाचे पिल्लू पाळतो आणि ते ब्राह्मण वस्तीत आणतो. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्याला विरोधही झाला. दूरदर्शनने ठरलेले प्रक्षेपण पुढे रद्द केले. १९७९ मध्ये मल्याळम ‘चेरियाचंडे क्रूरकृत्यंगळ’ आला. अशा विषयांवर पैसे लावणारा निर्माता मिळणे अवघड असते आणि मिळालाच तर त्याच्या अटी असतात. निर्माता आणि वितरक हे दोन्ही दुवे वगळता येतील का, असा विचार त्यातून पुढे आला.

‘ओडेसा’ काय होते?

१९८४ मध्ये जॉन आणि त्यांच्या मित्रांनी कोळिकोडमध्ये ‘ओडेसा कलेक्टिव्ह’ स्थापन केले. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधील गाजलेला प्रसंग ज्या शहरात घडतो, त्याचे हे नाव. ही मंडळी ढोल वाजवत गावोगावी जात, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवत आणि नव्या चित्रपटासाठी वर्गणी मागत. मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटाच्या खेळांतूनही काही रक्कम उभी राहिली. आधी चित्रपट बघा, पटले तर पैसे द्या, असा हा सरळ व्यवहार होता. त्यामुळे वर्गणी गोळा होत असतानाच प्रेक्षकही तयार होत होता.

त्यातून कोणता चित्रपट घडला?

‘अम्मा अरियान’ १९८६ मध्ये पूर्ण झाला. दिल्लीला निघालेल्या पुरुषनला वाटेत एका तरुणाचा मृतदेह दिसतो. मृताची ओळख पटते आणि ही बातमी त्याच्या आईला सांगण्यासाठी वायनाडहून कोचीपर्यंत प्रवास सुरू होतो. वाटेत एकेक मित्र सामील होत जातो. वर्गणीही अशीच माणसागणिक वाढत गेली होती. पुरुषनची भूमिका करणारे जॉय मॅथ्यू यांनी पुढे ‘शटर’ दिग्दर्शित केला. मराठी ‘शटर’ त्यावरूनच निघाला. ‘अम्मा अरियान’ नेहमीच्या वितरण व्यवस्थेतून न जाता केरळभर बिगरव्यावसायिक खेळांतून लोकांपुढे आला. म्हणजे ज्यांनी पैसे दिले, त्यांच्याकडेच तो परत गेला. जॉन यांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला.

‘मंथन’पेक्षा हे वेगळे कसे?

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिला. तेथे सहकारी संघांचे जाळे आधीपासून होते आणि चित्रपटाचा विषयही सभासदांच्या रोजच्या जगण्याचाच होता. ‘ओडेसा’च्या पाठीशी अशी संस्था नव्हती. लोकांनी पैसे दिले ते मुख्यतः समोरच्या माणसांवर विश्वास ठेवून.

मग धोका कोणता?

विश्वास माणसावर असला की सगळा भार त्या माणसावर येतो. ३० मे १९८७ च्या रात्री कोळिकोडमध्ये जॉन एका इमारतीच्या गच्चीवरून पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ते अवघे ४९ वर्षांचे होते. लोकवर्गणीतून त्यांच्या हातून एकच चित्रपट झाला. हा अपघात चित्रीकरणाच्या मध्यावर झाला असता, तर वर्गणीदारांच्या हाती काहीच आले नसते. दुसरी अडचण पैशांच्या चक्राची. नफ्यासाठी न दाखवलेल्या चित्रपटातून पुढच्या चित्रपटाचे भांडवल उभे राहत नाही. प्रत्येक वेळी झोळी घेऊन नव्याने निघावे लागते.

आज यातून काय घ्यावे?

आता वर्गणी ऑनलाइन मागता येते. पवनकुमार यांच्या २०१३ च्या कन्नड ‘लुसिया’साठी सुमारे ५० लाख रुपये असेच जमले. साधन बदलले तरी देणाऱ्याने विचारायचे प्रश्न तेच आहेत. या दिग्दर्शकाचे आधीचे काम पाहायला मिळते का? पैसे देणगी म्हणून घेतले जात आहेत की गुंतवणूक म्हणून? हिशेब कोण ठेवणार? दिग्दर्शकाला काही झाले तर काम कोण पूर्ण करणार? आणि चित्रपट झाल्यावर तो आपल्याला कुठे बघायला मिळणार? यातल्या पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘ओडेसा’कडे चोख होते. मधल्या प्रश्नांची उत्तरे मात्र मैत्री आणि भरवशावर सोडलेली होती. ओळखीच्या माणसाला वर्गणी देताना तेवढे पुरते. पडद्याआडच्या अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याआधी मात्र ती उत्तरे लेखी मागून घ्यावीत.