खाशाबांचा गुडघा

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे गाव आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म तिथे १९२६ साली झाला. वडील पैलवान, त्यामुळे तालमीची माती आणि लंगोट यांची ओळख घरातच झाली. लंगोट हा आपला जुना आधारपट्टा. खेळाच्या दुकानात आज ‘सपोर्टर’ म्हणून मिळते ती त्याचीच इलॅस्टिकची आवृत्ती. अंडकोषांना आधार देणे, झटापटीत ताण येऊ न देणे, एवढे त्याचे काम. त्याने हर्निया टळत नाही, आणि घामाने ओला तसाच पुन्हा घातला तर जांघेतल्या गजकर्णाला ते आमंत्रणच.

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा मॅटवर उतरले. तोवरची कुस्ती मातीतली. मातीत पाय सरकतो. मॅटवर बूट घट्ट पकड घेतो आणि अंगाचा पीळ गुडघ्यावर येतो. अशा नव्या जागी, नव्या नियमांत त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला.

१९५२च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीशी खाशाबांची दीर्घ लढत झाली आणि ती हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाशी खेळायला सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानेच मिळायला हवी होती; पण ती मागायला त्यांच्या बाजूने कोणी अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या शरीराने ते हरले. तरीही बँटमवेट गटाचे कांस्यपदक त्यांनी आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांनी काढली.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. पुढचे लक्ष्य १९५६चे मेलबर्न होते. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ते ऑलिम्पिक हुकले. त्या काळी एमआरआय नव्हते. दुर्बिणीने गुडघ्यातील फाटलेली गादी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये झाली, तीही १९६२ साली.

आज या सोयी जिल्ह्याच्या गावी आहेत. तरीही पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी नाशिकची मुले गुडघा दुखला की आधी दुकान गाठतात, नी-कॅप चढवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतात. नी-कॅपने ऊब मिळते, थोडा दाब मिळतो, सांध्याचे भान राहते. तुटलेला अस्थिबंध ती धरून ठेवू शकत नाही. घोटा एकदा मुरगळला असेल, तर पुढच्या वेळी खेळताना टेप किंवा अँकलेटचा उपयोग होतो. पण ताज्या दुखापतीवर टेप लावून खेळणे म्हणजे इजा झाकणे.

मैदानावर लागणारे सामान थोडे आहे: क्रेप बँडेज, बर्फ, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, कात्री. दुखापत झाली की खेळ थांबवा. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवा. क्रेप बँडेज खालून वर बांधा. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा. पाय उंचावर ठेवा. पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नका; तालमीतली ही सवय सूज वाढवते.

दुखापतीच्या क्षणी ‘टक’ आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा फुगला, तो अडकू लागला, पाय दगा देऊ लागला किंवा चार पावलेही टाकवेनात, तर पट्ट्याचा विचार सोडा आणि डॉक्टरांकडे या. निदान लवकर झाले तर व्यायामाने किंवा शस्त्रक्रियेने अनेक जण पुन्हा मैदानावर उतरतात.

खाशाबा १९८४ साली रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. हेलसिंकीत त्यांना अर्धा तास विश्रांती मागून देणारे कोणी नव्हते. आपल्या मुलांसाठी ते काम पालक, प्रशिक्षक आणि वस्ताद करू शकतात. दुखऱ्या गुडघ्याच्या मुलाला आज खेळू नको म्हणणारा मोठा माणूस मैदानावर असेल, तर दुकानातला पट्टा त्याच्या जागी वापरावा लागणार नाही.