शिराझचा पाहुणा

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर. ट्यूटोरिअलसाठी त्याचे चरित्र चाळत असताना एक लहानसा उल्लेख नजरेस पडला. १८११ च्या जानेवारीत तो कलकत्त्याहून मुंबईकडे निघाला, तेव्हा त्याच जहाजावर एक तरुण पाद्री होता. छातीच्या दुखण्याने खंगलेला, पण गप्पांत रंगणारा आणि विद्वान. ट्यूटोरिअल राहिले बाजूला आणि मी या सहप्रवाशाच्या मागे लागले. त्याचे नाव हेन्री मार्टिन.

मार्टिनचा जन्म इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील ट्रुरो गावी १८ फेब्रुवारी १७८१ रोजी झाला. आई लहानपणीच गेली. केंब्रिजमध्ये शिकत असताना वडीलही गेले आणि हा काहीसा तापट मुलगा धर्माकडे वळला. १८०१ साली गणिताच्या परीक्षेत तो विद्यापीठात पहिला आला. असा माणूस वकिली करील, असे कोणालाही वाटले असते. त्याने धर्मोपदेशक होऊन हिंदुस्थानात यायचे ठरवले. घरचे पैसे बुडाले, धाकट्या बहिणीचा भार होता, तेव्हा त्याने ईस्ट इंडिया कंपनीची चॅप्लेनची नोकरी धरली. लिडिया ग्रेनफेल या मुलीवर त्याचे प्रेम होते. ती सोबत आली नाही. पुढचे सारे आयुष्य तो तिला पत्रे लिहीत राहिला.

१८०६ मध्ये तो कलकत्त्यास उतरला. मग दानापूर, मग कानपूर. कंपनीच्या गोऱ्या शिपायांपुढे प्रवचन करणे हे त्याचे पगारी काम. त्याचा खरा जीव मात्र मुनशींबरोबरच्या बैठकांत होता. नव्या कराराचे उर्दू भाषांतर त्याने याच काळात पुरे केले. कानपुरात दर रविवारी त्याच्या बंगल्याच्या आवारात भिकाऱ्यांची शेकड्यांनी गर्दी होई. त्यांना पैसे वाटून तो चार शब्द सांगे. येथल्या लोकांच्या श्रद्धांविषयी त्याने लिहिलेले बरेचसे मला कठोर वाटले. परक्या धर्माकडे समजुतीने पाहण्याचा स्वभाव त्याला नव्हता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण भाषेच्या बाबतीत हाच माणूस फार नम्र होता. त्याच्या देखरेखीखाली साबात नावाच्या एका अरबाने फारसी भाषांतर केले होते. कलकत्त्याच्या जाणकारांनी ते पाहून सांगितले, की यात अरबी शब्दांची इतकी दाटी आहे की पंडितांवाचून कोणाला ते उमगणार नाही. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याला लांबलचक समासांच्या पंडिती मराठीत पत्र धाडावे, तशातला प्रकार. दुसरा कोणी असता तर वाद घातला असता, किंवा आहे तेच छापून मोकळा झाला असता. मार्टिनने ते बाजूला ठेवले आणि जिथे ती भाषा लोकांच्या तोंडी आहे तिथे जायचे ठरवले. तेव्हा त्याची प्रकृती अशी, की वैद्याने त्याला अंथरुणावरून उठू दिले नसते.

वाटेत एल्फिन्स्टनबरोबर त्याने गोव्याला सेंट झेवियरची समाधी पाहिली. मुंबईत महिनाभर मुक्काम झाला. इराणची वकिली करून आलेला जॉन माल्कम तेथे होता, त्याने ओळखपत्रे लिहून दिली. मेमध्ये मार्टिन बुशहर बंदरात उतरला. दाढी वाढवलेली, अंगावर इराणी पोशाख. तेथून शिराझपर्यंतचा प्रवास रात्रीचा, कारण दिवसा पारा १२६ अंश फॅरनहाइटवर चढे.

९ जून १८११ रोजी तो शिराझला पोहोचला. जाफर अली खान या गृहस्थाने त्याला घरी ठेवून घेतले आणि त्याचा मेहुणा मिर्झा सय्यद अली भाषांतराला बसला. उन्हाळा वाढल्यावर गावाबाहेरच्या बागेत तंबू दिला. हाफिज आणि सादी यांचे हे शहर. फारसीचा कस लावायचा तर याहून योग्य जागा नाही. दिवसभर वाक्ये घासूनपुसून व्हायची आणि मध्येच मुल्ला, सुफी, नुसते बघे यांच्याशी वादविवाद रंगायचा. हे वाद मी वाचले. कोणी कोणाला पटवू शकले असे दिसत नाही. रस्त्यात पोरांनी त्याला दगडही मारले. मला मात्र पुन्हा पुन्हा त्या यजमानांचे नवल वाटत राहिले. आपल्या धर्माविरुद्ध बोलणाऱ्या आजारी परदेशी माणसाला त्यांनी अकरा महिने सांभाळले आणि त्याच्याच ग्रंथाची भाषा नीट करून दिली.

फेब्रुवारी १८१२ मध्ये नवा करार पुरा झाला, पाठोपाठ स्तोत्रे. सुंदर अक्षरांत नकला करून त्यातली एक शाहास नजर करावी म्हणून तो छावणीत गेला. तिथे वजिरासमोर येशूविषयीची आपली श्रद्धा स्पष्ट बोलून दाखवल्याने दरबारी खवळले. प्रत तशीच परत आली. तबरीझला पोहोचेतो तो तापाने फणफणला होता. ब्रिटिश वकील गोर औसली आणि त्याची पत्नी यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे औसलीनेच ती प्रत फतेह अली शाहापर्यंत पोहोचवली. शाहाने तिच्या सोप्या भाषेची वाखाणणी केली. १८१५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ते भाषांतर छापले गेले.

पुढे रॉबर्ट ब्रूस हा आयरिश मिशनरी इस्फहानला राहून त्यावर हात फिरवू लागला आणि १८९५ मध्ये संपूर्ण फारसी बायबल निघाले. या ग्रंथाभोवती जमलेली फारसी बोलणारी मंडळी थोडीच होती. १९७९ च्या क्रांतीनंतर त्यांच्यावर वाईट दिवस आले. त्याच वर्षी शिराझमध्येच अरस्तू सय्याह या पाद्र्याचा खून झाला. १९९० मध्ये इराणची बायबल सोसायटी बंद करण्यात आली. धर्मांतरितांसाठी आवाज उठवणारे बिशप हाइक होवसेपियन १९९४ साली मारले गेले. कित्येकांनी देश सोडला. तुर्कस्तानच्या लहानमोठ्या शहरांत निर्वासित म्हणून वर्षानुवर्षे थांबलेल्या कुटुंबांत प्रार्थना होते ती फारसीतच.

मार्टिनने यातले काही पाहिले नाही. छापील पुस्तकही नाही. तबरीझहून त्याने लिडियाला रजा घेऊन येत असल्याचे कळवले आणि २ सप्टेंबरला तो घोड्यावरून कॉन्स्टँटिनोपलकडे निघाला. सोबतचा तातार वाटाड्या ताप असतानाही त्याला दामटत नेई. ६ ऑक्टोबरला घोडे मिळाले नाहीत म्हणून त्याला फळबागेत बसायला सवड मिळाली. रोजनिशीतली ती शेवटची नोंद. १६ ऑक्टोबरला तोकात येथे तो गेला. वय एकतीस. आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी त्याला मूठमाती दिली. लिडियाने लग्न केले नाही.