संत व्हिन्सेंट डी पॉल व त्यांचे दाते

दीनदुबळ्यांचे कैवारी संत व्हिन्सेंट डी पॉल यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस परिचित आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांतील पूई नामक खेड्यांत, एका शेतकऱ्याच्या घरीं, १५८१ च्या सुमारास ते जन्मले. १६०० सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. आणि २७ सप्टेंबर १६६० रोजीं पॅरिस येथें ते देवाघरीं गेले. त्यांचें समग्र चरित्र येथें देणें शक्य नाहीं, म्हणून त्यांतील एकच अंग आम्हीं निवडलें आहे. मनुष्याचा हात दानासाठीं कशानें पुढें होतो व कशानें आंखडतो, हें या साधुपुरुषास जसें उमगलें तसें फार थोड्यांस उमगलें असेल.

१६१७ च्या ऑगस्टमधील गोष्ट. शातियों गांवच्या चर्चमध्यें ते मिस्सेचीं वस्त्रें परिधान करीत असतां एका बाईनें येऊन सांगितलें कीं, गांवाबाहेर एका घरांत सारींच माणसें आजारी असून त्यांची शुश्रूषा करण्यास कोणी उरलें नाहीं. त्यांनीं प्रवचनांत त्या कुटुंबाची हकीकत सांगितली. दुपारची प्रार्थना आटोपून ते स्वतः तिकडे निघाले, तों रस्त्यावर माणसांची रीघ लागलेली! कित्येक जण परतत होते, तर कित्येक उन्हानें दमून वाटेच्या कडेला टेकले होते. दुसरा एखादा उपदेशक आपल्याच वाणीवर संतुष्ट होऊन घरीं गेला असता. व्हिन्सेंट यांच्या मनांत मात्र निराळीच चिंता उभी राहिली: आज आलेलें एवढें अन्न उद्यां नासणार, आणि परवां हीं माणसें पुनः उपाशीं. वर्गणीसाठीं घरोघर हिंडलेल्या आमच्या वाचकांस ही चिंता ठाऊक आहे. रविवारचें द्रवलेलें मन गुरुवारपर्यंत थिजतें.

तीनच दिवसांनीं त्यांनीं गांवांतील स्त्रियांस एकत्र करून प्रत्येकीस पाळी नेमून दिली. आपणांस कोणाकडे, कोणत्या दिवशीं, काय घेऊन जावयाचें हें आतां तिला पक्कें कळलें. त्याच वर्षीं या मंडळाचे जे नियम ठरले, त्यांत एक बारकावा आम्हांस फार आवडतो: ज्या रोग्याजवळ कोणी आहे त्याच्याकडे प्रथम जावें व जो अगदीं एकटा आहे त्याच्याकडे शेवटीं, म्हणजे त्याच्यापाशीं अधिक वेळ बसतां येतें.

पुढें १६२५ सालीं त्यांनीं मिशन संघ स्थापिला, आणि १६३३ सालीं संत लुईज द मारिलॅक यांच्या साह्यानें सेवाभावी भगिनींचा संघ. परंतु खरी कसोटी लागली ती दूरच्या दुःखाच्या बाबतींत. तीस वर्षांच्या युद्धांत लोरेन प्रांत उजाड झाला. पॅरिसच्या श्रीमंत स्त्रियांना तेथील भूक दिसणार कशी? १६३९ पासून बंधु मात्यू रेनार हे वेष पालटून, चोर-सैनिकांस चुकवीत, पन्नासाहून अधिक वेळां तिकडे पैसा घेऊन गेले. एकदांही लुटले गेले नाहींत. परत आल्यावर ते वाटेवरील हकीकती सांगत, आणि खुद्द राणी त्या आवडीनें ऐके. इकडे व्हिन्सेंट यांची आपल्या माणसांस सक्त ताकीद होती कीं, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी व एक पैही इतरत्र वळवूं नये. १६५० पासून तर पिकार्डी व शांपेन प्रांतांतून आलेल्या पत्रांचे उतारे छापून पॅरिसमध्यें वांटले जाऊं लागले. दात्यास दुःख दिसलें, आणि आपला पैसा तेथवर पोंचल्याचेंही दिसलें.

बर्फांतून अर्भकें उचलून आणणारे व्हिन्सेंट आपण चित्रांत पाहतों. आमच्या मतें त्यांची खरी मूर्ति सभेंत दिसते. पॅरिसमध्यें टाकून दिलेल्या मुलांची दैना त्या स्त्रियांनीं प्रथम प्रत्यक्ष पाहिली. पैसा अपुरा, म्हणून १६३८ सालीं चिठ्ठ्या टाकून बाराच मुलें घेतलीं. राहिलेल्यांचें काय झालें असेल, याची कल्पनाही करवत नाहीं. मुलें वाढलीं तसा खर्चही वाढला, आणि १६४७ च्या सुमारास हें काम सोडावें असा विचार निघाला. व्हिन्सेंट यांनीं सभा बोलाविली. रागें भरणें नाहीं, कीं पापाची भीति घालणें नाहीं. हीं मुलें आजवर कोणामुळें जगलीं याची त्यांनीं आठवण दिली, आणि तीं पुढें जगावींत कीं मरावींत याचा निकाल त्या स्त्रियांनींच तेथें मत देऊन लावावा, असें सांगून ते थांबले. काम चालू ठेवण्याचें ठरलें. चणचण पुढेंही सरली नाहीं. १६४९ च्या यादवींत दायांचा पगार देण्याचीही पंचाईत पडली.

१७३७ सालीं पवित्र सभेनें त्यांस संतपद दिलें. १८३३ सालीं फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या तरुण मित्रांनीं पॅरिस येथें स्थापिलेल्या मंडळानें त्यांचेंच नांव घेतलें. मुंबई-वसईकडील धर्मग्रामांतही त्या मंडळाचे सभासद गरजू कुटुंबांच्या घरीं स्वतः जाऊन बसतात.