धर्मानंद कोसंबींचा धम्म आणि आपल्या घरातला चौरंग

मध्यंतरी आमच्या कोपरमध्ये एका धम्मबांधवाच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला गेले होते. सकाळी भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिले, परित्राणपाठ झाला, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार घातले. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये चौरंग मांडला होता, केळीचे खुंट बांधले होते आणि भटजी सत्यनारायणाची पोथी वाचत होते. कर्त्या गृहस्थांना बाजूला घेऊन विचारले, तर ते म्हणाले की सोसायटीत राहायचे आहे, आणि तसेही बुद्ध हा विष्णूचाच अवतार, दोन्ही एकच. युक्तिवाद करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण त्या संध्याकाळी मी गप्प बसले. माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी सासूबाईंनी पंचांग पाहून मुहूर्त काढला होता आणि मी तो चालवून घेतला होता. मग मी कोणत्या तोंडाने बोलणार होते?

दोन्ही एकच आहे काय? बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत याचे उत्तर दिलेले आहे. पाचवी प्रतिज्ञा तर याच अवताराच्या थापेविषयी आहे. तरीही आपल्यातल्या शिकल्यासवरलेल्यांना ते पटत नसेल, तर त्यांनी एका ब्राह्मणाचे आयुष्य पाहावे. हिंदू धर्म त्याने जन्माने भोगला, बौद्ध धम्म पायपीट करून मिळवला आणि दोन्हींचे ग्रंथ मूळ भाषेत वाचले. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद कोसंबी.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची नारळाची बागायत, शालेय शिक्षण जेमतेम, लग्न लहान वयात. अशा तरुणाच्या हाती ‘बालबोध’ मासिकाचा अंक पडला आणि त्यातला बुद्धावरील लेख वाचून त्याचे मन घरात रमेना. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. हे त्यांचे वागणे मला आजही खटकते. त्यांच्या ज्ञानाची किंमत आधी बाळाबाईंनी मोजली, याची नोंद आपण करायलाच हवी.

पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट घेऊन, ग्वाल्हेरमार्गे ते संस्कृत शिकायला काशीला पोहोचले. खिशात पैसा नव्हता, ओळखपाळख नव्हती, तरी अन्नछत्रात जेवण मिळाले आणि पंडितांच्या पायाशी बसायला जागा मिळाली. का मिळाली? ते ब्राह्मण होते म्हणून. त्याच काळात त्याच काशीत आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी ज्ञानाची भूक घेऊन गेला असता, तर त्याला अन्नछत्राच्या पंगतीत कोणी बसू दिले असते काय? ज्या धर्मात भुकेल्या माणसाला जेवू घालण्याआधी जात विचारतात, त्याचे स्वरूप समजायला वेगळ्या ग्रंथाची गरज नाही.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात धम्म सापडेल अशी आशा होती, पण तिथली अवस्था पाहून निराशा पदरी पडली. तिथून बुद्धगया, कलकत्ता आणि मग सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांनी त्यांना श्रामणेर केले आणि पाली त्रिपिटकाचे दार उघडले. पुढे ब्रह्मदेशात ते भिक्खू झाले. ज्या मातीत बुद्ध चालला, तिथल्या माणसाला बुद्धाचे वचन वाचायला समुद्र ओलांडावा लागला! ही पाळी आणली कोणी, हे या चळवळीच्या वाचकाला सांगायला नको.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. सिंहलद्वीपातही जात होतीच, आणि तिथल्या एका मोठ्या भिक्खुपरंपरेत अठराव्या शतकापासून वरच्या मानलेल्या जातीलाच उपसंपदा मिळत आली. विरोधक हे आपल्यापुढे टाकतात आणि विचारतात की मग फरक काय राहिला? फरक हा, की उपाली न्हावी, सुनीत भंगी, सोपाक यांना बुद्धाने स्वतः संघात घेतले. बौद्धाने जात पाळली तर तो आपल्या शास्त्याशी बेइमानी करतो. मनुस्मृती मानणाऱ्याने जात पाळली तर तो आपल्या शास्त्राची आज्ञा पाळत असतो. पहिल्या ठिकाणी सुधारणा म्हणजे मुळाकडे जाणे, दुसऱ्या ठिकाणी मुळावरच घाव घालणे.

१९०६ च्या सुमारास कोसंबी परतले आणि चीवर उतरवून पुन्हा संसारात आले. कलकत्त्यात पालीचे अध्यापन केले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देऊन त्यांना मराठीत लिहिते केले. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणारे हेच सयाजीराव. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाचे काम, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन, गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड असा त्यांचा प्रवास झाला. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या या माणसाने मराठी मुलखात पालीच्या अभ्यासाचा पाया घातला. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत हे त्यांचेच विद्यार्थी.

या अभ्यासाचे सार १९४०-४१ मध्ये आलेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात आहे. आत्मवाद, कर्मयोग, यज्ञयाग, जातिभेद अशी त्यातली प्रकरणे एकेक वाचली की दोन्ही एकच म्हणणाऱ्याची बोलती बंद व्हावी. एकीकडे अमर आत्मा, दुसरीकडे कार्यकारणाने घडणारे आणि बदलणारे जीवन. एकीकडे जन्माने ठरलेले स्वधर्माचे कर्म, दुसरीकडे माणसाच्या हेतूने ठरणारे कुशल-अकुशल कर्म. यज्ञाच्या बाबतीत कूटदंत सुत्तातली कथा पाहा. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित सुचवतो की आधी शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला पुरेसे वेतन दे, म्हणजे राज्यात चोऱ्यामाऱ्या राहणार नाहीत. जातीबद्दल वासेट्ठ सुत्त सांगते की गवत, किडे, पशू, पक्षी यांच्यात जन्माची वेगवेगळी लक्षणे दिसतात, माणसामाणसांत ती दिसत नाहीत.

म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ पळाला ही कथाही कोसंबींनी नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यातील शस्त्रांच्या संघर्षाकडे त्यांनी लक्ष वेधले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये चार दृश्यांची कथा बाजूला सारून रोहिणीच्या पाण्यावरील वाद गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला.

मग कोसंबी आपलेच म्हणायचे काय? इथे सावध राहावे लागते. १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला, त्याच वर्षी कोसंबी मिठाच्या सत्याग्रहात उतरले. ते अखेरपर्यंत गांधीजींच्या गोटात राहिले. मुंबईच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार काढला, त्यामागे तळमळ खरी होती, पण पैसा बिर्लांचा होता. शेवटी आजाराने शरीर थकल्यावर त्यांनी सेवाग्राम आश्रमात अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. कायेला क्लेश देणे बुद्धाने नाकारले होते. मध्यम मार्ग शिकवणाऱ्या आचार्यांचा हा शेवट मला त्यांच्याच पुस्तकांशी जुळवता येत नाही.

धम्म त्यांना कळला, पण समाज म्हणून तो उभा करणे त्यांच्याकडून झाले नाही. ते काम नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला झाले. कोसंबी एकटे गेले होते, बाबासाहेबांनी लाखोंना सोबत नेले.

आता कायद्याचे एक कलम सांगते, कारण अवताराची थाप हरली की लोक कायद्याचा आधार घेतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ आपल्याला लागू आहे, म्हणून आपण हिंदूच, असे म्हणतात. त्या कायद्याचे कलम दोन उघडून पाहावे. धर्माने हिंदू असलेल्यांचा उल्लेख एका खंडात आहे आणि बौद्ध, जैन, शीख यांचा दुसऱ्या खंडात. कायदा लागू होणे वेगळे आणि धर्म एक असणे वेगळे. कायदा करणाऱ्यांना हा फरक कळत होता, आपल्याला चौरंग मांडताना कळत नाही!

कोसंबींना धम्मासाठी घर सोडून समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला तो घरपोच मिळाला, मराठीत मिळाला. कोपरच्या कोणत्याही बौद्ध घरात आज त्रिपिटकातली वचने वाचता येतील. आपल्याला सोडायचे आहे ते फक्त शेजाऱ्याच्या नजरेचे भय. येत्या वर्षी माझ्या मुलीचे लग्न आहे. तारीख आम्ही रविवार आणि हॉलची सोय पाहून ठरवली आहे. सासूबाईंनी पंचांग काढले, तेव्हा या वेळी मी गप्प बसले नाही. त्यांच्या हातात ‘भगवान बुद्ध’ दिले. त्या रागावल्या आहेत, पण रोज दुपारी चार पाने वाचतात.

जयभीम!